बारा पावलांचा चेंडू

११ जानेवारी

ही डायरी चिरंजीवांच्या ऑफिसातून फुकट आली. घरात कोणालाच नको होती. मी उचलली तर वन्सं म्हणाल्या, "तू काय लिहिणार त्यात? सातवीपर्यंतची तू." झालं. आता लिहिणं आलं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आणि राहिल्या इथेच. घर आधी त्यांचं, मी मागून आले, हे त्या अजून सांगतात. त्या माझ्या चुका काढतात, मी त्यांची नक्कल करते. मधे आमचे हे बसायचे, पंचासारखे. हे गेले त्याला सहा वर्षं झाली. आता पंचाशिवायच चालू आहे.

नोव्हेंबरात वन्सं स्टुलावर चढल्या. कशाला? तर मी कपाटावरची धूळ पुसली की नाही ते बघायला. धूळ होती. "सापडली!" असं ओरडल्या आणि खाली आल्या. खुब्याचं हाड मोडलं. मी धावत गेले तर पडल्या पडल्या मला बोट दाखवलं, काळं झालेलं. "बघ," म्हणाल्या. मग कण्हल्या. आधी बघ, कण्हणं नंतर.

ऑपरेशन झालं, हाडही जुळलं. डॉक्टर म्हणतात, आता चाला. मार्चपर्यंत चालल्या नाहीत तर पुढे खुर्चीच. आणि बाई चालत नाही.

१४ जानेवारी

व्यायाम करून घेणारी मुलगी आली होती. गोड होती बिचारी. पाय उचला म्हणाली, मोजायला लागली. पाच, सहा, सात, नऊ. वन्संनी पाय वरच्या वर धरला आणि विचारलं, "आठ कुठे गेले?" मुलगी उद्यापासून येणार नाही.

चार पायांचा लोखंडी घोडा आणलाय चालायला, त्यावर टॉवेल वाळतात. काठी आणली तर म्हणाल्या, "काठी म्हातारी माणसं वापरतात." वय वर्षं एकाहत्तर.

आज एक गोष्ट लक्षात आली. मोरीपर्यंत न्यायला दोघी लागतात, मी आणि सूनबाई. सूनबाई नऊला बँकेत जाते ती सहाला येते. वन्संच्या उशाशी ठेवलेला पाण्याचा तांब्या नऊपासून सहापर्यंत तसाच असतो. घोटभरसुद्धा पीत नाहीत. मी म्हटलं, "मी एकटी नेते ना." तर म्हणाल्या, "तू? तुला भोपळा उचलवत नाही."

तांब्यातलं शिळं पाणी ओतून मी ताजं भरून ठेवलं.

१९ जानेवारी

वन्संनी स्वतःच फोन फिरवून ठरवून टाकलं. शहराबाहेर एक संस्था आहे, वयस्कर माणसांना ठेवून घेतात, नर्स असते, बाग असते. एक मार्चला त्यांची गाडी येणार. जेवताना सांगितलं, मीठ वाढ म्हणावं तसं.

चिरंजीव म्हणाले, "आत्या, असं काय करतेस?" सूनबाईचे डोळे भरले. मी विचारलं, "का पण?"

"तुझ्या कमरेचा निकाल लागण्याआधी गेलेलं बरं."

माझी कंबर काढली! जाता जाता सुद्धा माझी कंबर! मीही म्हटलं, "जा जा. मला तुमची खोली मिळेल. खिडकीवाली." त्या खोलीवर माझा पंचवीस वर्षं डोळा आहे, हे खरंच आहे.

२२ जानेवारी

त्यांची ट्रंक भरायला घ्यायची म्हणून माळा नि पलंगाखालचं सगळं काढलं. तिथे चिरंजीवांचा गोल्फचा थैला निघाला. ऑफिसातले साहेब गोल्फ खेळतात म्हणून चिरंजीवांनी सेट आणला, दोनदा मैदानावर गेले, पाठीत चमक भरली, साहेब बदलून गेले. थैल्यावर बोटभर धूळ.

वन्संना धूळ दिसली की अंगात येतं. खुर्चीतून हात लांब करून त्यांनी थैल्यातली सगळ्यात बुटकी काठी ओढली, चपट्या तोंडाची, आणि पलंगाखाली दाखवायला लागल्या. "तिकडे बघ. आणि त्या कोपऱ्यात. आणि ते काय आहे?" कोपरा लांब होता. वन्सं उठल्या. काठी टेकली, एक पाऊल. "हे बघ जाळं." दुसरं पाऊल. तिसरं. चौथ्याला भान आलं, मग खुर्ची मागितली.

मी खुर्ची पुढे सरकवली. जाळं काढलं. माझ्या मनात घोळतंय ते असं, की काठी म्हातारी माणसं वापरतात, पण ही काठी नव्हेच. ही खेळाची आहे. ही धरली तर कोण बिचारी म्हणणार?

२३ जानेवारी

सकाळी बोळात चहाचा कप आडवा ठेवला, थैल्यातला चेंडू काढला आणि ती बुटकी काठी घेऊन मुद्दाम वन्संच्या दारासमोर खेळायला लागले. चेंडू कपात जाईना. मुद्दाम नव्हे, खरंच जाईना.

दहा मिनिटं त्यांनी सहन केलं. मग आतून आवाज. "कोन चुकतोय, धाकटे." मी ऐकलं नाही असं दाखवलं. "अगं कोन! कोन!" पुढच्या मिनिटाला दारात उभ्या, एका हातानं चौकट धरून. "आण इकडे."

चेंडू मारला. तो चेंडू कसला, सुटलेला बैल. सगळा बोळ, स्वयंपाकघर, थेट फ्रीजखाली. वन्संनी त्या अंतराकडे बघितलं आणि काठी माझ्या हातात दिली. "हे काही माझ्याच्यानं व्हायचं नाही."

काठी बरोबर आहे. चुकलाय तो चेंडू.

२५ जानेवारी

खेळाच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदार चुणचुणीत, केसांना तेल, तोंडाला साखर. "आजी, कुणासाठी? नातवासाठी?"

"माझ्यासाठी. नवीनच शिकतेय."

त्यानं गिळलं. मग सांगायला लागला, आणि चांगलं सांगितलं हो. नवशिक्यानं महागाचा चेंडू घेऊच नये, तो हरवतोच. दोनच थरांचा घ्यावा, आत मऊ, बाहेर टणक, पिवळा किंवा केशरी, म्हणजे गवतात दिसतो. मोठ्या खेळाडूंचा चेंडू फार हुशार असतो, जरा चुकलं की तो जास्त चुकवतो. (वन्संसारखाच.)

"तर आजी, सांगा, किती लांब जायला हवा?"

"बारा पावलं."

"नाही, म्हणजे टोला मारल्यावर."

"टोला मारल्यावरच बारा. माझी पावलं नाहीत हां. एक आजारी बाई टाकते ती पावलं. एवढी एवढी." आणि मी दुकानात टाकून दाखवली.

तो म्हणाला, त्याच्या अख्ख्या धंद्यात चेंडू कमी जावा म्हणून कोणी आलेलं नाही. मग मात्र पठ्ठ्याला चेव आला. दुकानातली सतरंजी गुंडाळली. आम्ही एकेक चेंडू फरशीवर सोडला, मी मागून पावलं मोजत. एक गिऱ्हाईक बॅडमिंटनची जाळी घ्यायला आलं होतं, तेही मोजायला लागलं. स्पंजाचा चेंडू सहा पावलं. प्लास्टिकचा, भोकाभोकांचा, नऊ. शेवटी त्यानं गल्ल्यामागची एक टोपली काढली. मैदानाच्या तळ्यातून काढलेले चेंडू, वर्षानुवर्षं पाणी प्यायलेले.

"हे मी विकत नाही आजी. हे मेलेले आहेत."

सोडला. थकल्यासारखा गेला आणि बाराव्या पावलावर बसला.

"मला मेलेलेच द्या," म्हटलं.

२८ जानेवारी

सहा पावलं! दुपारी चार वाजता, स्पंजाचा चेंडू. कपापर्यंत गेल्या, वाकल्या नाहीत, काठीनंच चेंडू उलटा फिरवला आणि परत. म्हणजे बारा झाली की! मी हरले, अर्थात. त्या हसल्या नाहीत, पण माझे फटके पाटीवर लिहून ठेवले. त्यांचे तीन, माझे अकरा.

३१ जानेवारी

रोज चारला खेळतो. मी चेंडू बदलते ते त्यांना कळत नाही. सगळ्यांना मी पिवळा रंग दिलाय, चिरंजीवांच्या रंगपेटीतला. आज भोकांचा घेतला. भोकंसुद्धा बुजवली मेणानं. नऊ पावलं गेल्या. फक्त म्हणाल्या, "आज चेंडू पुढच्या इयत्तेत गेलेला दिसतोय." मी म्हटलं, "तुमचा हात सुधारला." खूश झाल्या असणार.

२ फेब्रुवारी

आज माझ्या अकलेचा दिवस. थैल्यातले चांगले चेंडू सहा आहेत, वाया कशाला घालवायचे? फक्त जरा मऊ करायचे. आणि घरात कडक वस्तू मऊ कुठे होते? कुकरात. बटाटे लावायचेच होते. दोन चेंडू त्यातच टाकले, तीन शिट्ट्या दिल्या.

मग शेजारीण आली, मी बोलत बसले, विसरले. सूनबाई लवकर घरी आली होती. तिनं बटाटे सोलायला घेतले. आत येऊन बघते तर पोर एक बटाटा नखांनी खरवडतेय, चेहरा लाल. "आई, हा आतून कच्चा राहिलाय बहुतेक."

"राहू दे, ती जातच तशी असते," म्हटलं. एवढ्यात तिनं तो वळवला आणि त्यावर कंपनीचा शिक्का.

बटाट्यांना सायकलच्या ट्यूबचा वास. चिरंजीवांनी दोनदा वाढून घेतले आणि म्हणाले, आज काहीतरी वेगळं घातलंयस आई. चेंडू जसेच्या तसे. वन्सं तोंडाला पदर लावून बसल्या होत्या, खांदे हलत होते. मला वाटलं खोकला. पाणी दिलं तर तांब्याभर प्यायल्या. दुपारचं सुद्धा पाणी पितात हल्ली. मोरीपर्यंत मी एकटी नेते. म्हणजे मी नुसती बरोबर जाते आणि त्या माझ्या चालण्याला नावं ठेवतात.

६ फेब्रुवारी

तळ्यातले चेंडू काही सरळ जात नाहीत. मला गावचं आठवलं, पेरणीआधी बियाणं मिठाच्या पाण्यात टाकायचो, पोकळ ते वर, भरलेलं खाली. बादलीत मीठ घालत गेले, शेवटी चेंडू तरंगले. आणि गंमत म्हणजे प्रत्येक जण गरगर फिरून एकच बाजू वर आणून थांबतो. पुन्हा ढकला, पुन्हा तीच. म्हणजे एका अंगाला जड. आपण माणसं तशीच की. मी जिथून ढकला तिथून माहेरच्या गोष्टींवर येते.

दुकानदाराला सांगायला गेले. तो म्हणाला, "आजी, मोठे खेळाडू असंच तपासतात! तुम्हाला कुणी शिकवलं?"

"ज्वारीनं," म्हटलं.

सरळ जाणारे तीन वेगळे काढले. वाकडे फेकणार होते, मग आठवलं, ती व्यायामवाली मुलगी जाताना दारात कुजबुजली होती, नुसतं सरळ नको, वळायला पण लागतं. म्हणून एक दिवस सरळ चेंडू, एक दिवस वाकडा. वाकडा भिंतीकडे जातो, वन्सं वळतात आणि भिंतीला रागावतात.

९ फेब्रुवारी

वन्संनी सगळे चेंडू मागून घेतले आणि बारीक पेनानं प्रत्येकावर आकडे घातले. सहा, नऊ, बारा, बारा, पंधरा असे काहीतरी. दोन चेंडूंना एकच नंबर! आणि एक, दोन, तीन नाहीतच. गणिताच्या बाई म्हणे. मी विचारलं हे काय, तर म्हणाल्या, "हजेरीपट." वय झालं आता.

शाल पण मागितली, ट्रंकेत सगळ्यात खाली होती. ऊन तापायला लागलंय आणि शाल! सगळं उपसावं लागलं. काल चष्म्याचं घर, परवा ते दोन जाड शब्दकोश. मी भरते आणि त्या काढायला लावतात. जायच्या आधी मला दमवूनच जाणार.

१२ फेब्रुवारी

घाई केली. माझीच चूक, लिहूनच ठेवते म्हणजे नाही म्हणता येणार नाही.

बारा नीट जमत होती. एक तारीख जवळ येतेय, म्हणून मी पंधराचा न घेता एकदम नवा केशरी घेतला, दुकानदार म्हणाला होता वीस जाईल. अंगणात गेलो पहिल्यांदाच. चेंडू गेला पार तुळशीच्या ओट्यापर्यंत. वन्संनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि निघाल्या. सोळाव्या पावलाला पाय वळला. पडल्या नाहीत, मी पोचले, पण दोघी एकमेकींना धरून हळूहळू खाली बसलो, पोत्यासारख्या. अंगणात समोरासमोर. लोकांनी बघितलं. वन्संना लोकांनी बघितलेलं सोसत नाही.

डॉक्टर येऊन गेले. काही मोडलेलं नाही. वन्संनी काठी थैल्यात ठेवायला सांगितली.

१५ फेब्रुवारी

तीन दिवस खेळ बंद. चार वाजतात, पाच वाजतात. मी आज त्यांची नक्कल करून दाखवली, त्या वर्गात शिरतात ती. त्यांनी कूस बदलली.

पाण्याचा तांब्या भरलेला.

त्या आंघोळीला गेल्या (सूनबाई होती) तेव्हा मी त्यांच्या खोलीत जाऊन खिडकीशी बसून बघितलं. वारा येतो. उजेडही चांगला. पण तिथून स्वयंपाकघरातलं काही ऐकू येत नाही. म्हणजे तिथे बसून त्यांना मी भांडी आपटतेय हे कसं कळायचं, देव जाणे. खोली काही मला एवढी आवडली नाही. वाटलं होतं तशी नाही.

संस्थेचं पत्र आलं. खोली तयार आहे, तळमजल्यावर, खिडकी बागेकडे.

१७ फेब्रुवारी

चार वाजता मी ओट्याशी होते. बोळात ठक ठक. वन्सं दारात उभ्या, काठी हातात. थैला त्यांच्या पलंगापासून सात पावलांवर ठेवलेला होता, मीच ठेवला होता, मुद्दाम नव्हे. म्हणजे त्या एकट्या गेल्या होत्या.

"वेळ झाली, धाकटे. चेंडू कुठाय?"

मी खिशातून बाराचा काढला. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला, परत दिला. "हा नको. नऊचा आण. पडलेल्या पोराला खालच्या इयत्तेत बसवतात, घरी नाही बसवत."

मला कळेना त्यांना नऊचा कुठला ते कसं माहीत. मग आठवलं, आकडे त्यांनीच घातलेत. म्हातारपणात सुद्धा योगायोगानं बरोबर निघतं काहीकाही.

२२ फेब्रुवारी

अंगणात अठरा. आज वाकडा चेंडू होता, दोनदा वळल्या. मी तेरा फटक्यांनी हरले. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "अय्या, गोल्फ?" वन्संनी पदर खोचला आणि तिला कोन समजावला, अर्धा तास. उभ्यानं! अर्धा तास उभ्या होत्या, हे त्यांना सांगितलं नाही, नाहीतर बसल्या असत्या.

२६ फेब्रुवारी

चिरंजीव मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाले, "आई, आत्या चालतेय की. आता तरी तिला सांग ना, जाऊ नको म्हणून."

"मी का सांगू? त्यांनी ठरवलं, त्यांनी मोडावं."

"ती म्हणते तू सांगितलंस तर विचार करेन."

"त्यांना म्हणावं मला खोली हवी आहे."

पोरगा डोक्याला हात लावून गेला. बापासारखाच बसतो मधे, पण निकाल देत नाही.

खरं लिहू का. 'राहा' हा शब्द मी त्यांना चाळीस वर्षांत कधी म्हटलेला नाही. घर त्यांचं होतं आधी. मी कोण म्हणणारी? आणि आता म्हटलं आणि त्या म्हणाल्या, "कोणत्या अधिकारात?" तर? त्या म्हणतील. मला त्यांचा आवाजसुद्धा ऐकू येतो.

२८ फेब्रुवारी

ट्रंक भरली. पाचव्यांदा. काय उरलंय तिच्यात कुणास ठाऊक, एका हातानं उचलते.

संध्याकाळी अंगणात वीस. केशरी चेंडू, तोच. पाटीवर लिहिलं आणि पाटी पुसली. नेहमी ठेवतात उद्यासाठी. आज पुसली.

१ मार्च

दमलेय, पण लिहून टाकते, नाहीतर वन्सं उद्या भलतंच सांगतील.

गाडी दहाला आली. पांढरी, बाजूला संस्थेचं नाव, आत गुबगुबीत सीट. चिरंजीव आणि सूनबाई दोघंही रजा टाकून घरी, आणि दोघंही माझ्याकडे बघतायत. मी ट्रंक ओढत फाटकापर्यंत आणली. ट्रंक हलकी असली तरी मी काही हलकी नाही. दम लागला, गुडघा बोलायला लागला, मी ट्रंकेवरच बसले, एक हात गुडघ्यावर, डोळ्यांना पदर. धूळ गेली होती डोळ्यात.

वन्सं मागून आल्या. इस्त्रीची साडी, हातात ती काठी, फाटकाला रेलून उभ्या राहिल्या, एखाद्या कप्तानासारख्या.

ड्रायव्हरच्या हातात कागद. त्यानं वाचला. बाई, वय एकाहत्तर, खुब्याचं ऑपरेशन, चालता येत नाही. कागदावरून त्यानं डोळे वर केले, वन्संना बघितलं, मला बघितलं, आणि सरळ माझ्याकडे आला. "चला आजी. सावकाश. रडायचं नाही. तिथे छान वाटेल."

मी तोंड उघडणार, तोच वरून आवाज. "हो, ह्याच त्या. जरा सांभाळून न्या, हट्टी आहे."

चिरंजीव हसू दाबत आत पळाले. मी वन्संकडे बघितलं. त्यांनी भुवई उडवली. म्हणजे मला! मला चिडवतायत! चाळीस वर्षं हे काम माझ्याकडे आहे!

मग मीही काही कमी नाही. "धर रे बाळा हात," म्हटलं आणि उठले. गाडीत बसले. त्यानं पट्टा लावला, पाठीमागे उशी दिली, ट्रंक मागे चढवली. मऊ होती हो सीट. वन्संना वाटलं मी आता उतरेन. मी खिडकीची काच खाली केली आणि म्हटलं, "येते हं वन्सं. पाणी वेळेवर पीत जा."

"पुरे झालं. उतर."

"का उतरू? मी हट्टी आहे."

ड्रायव्हरला म्हटलं, चल. त्यानं गाडी सोडली, अगदी हळू, आजारी माणूस आत आहे म्हणून. आणि वन्सं चालायला लागल्या. खिडकीच्या बाजूनं, काठी ठोकत. "उतर म्हणते ना!" ड्रायव्हर ब्रेकवर पाय ठेवायला लागला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "थांबू नकोस. हळू, पण थांबू नकोस. अजून थोडं पुढे घे." खिडकीच्या कडेवर बोटं ठेवून मी मोजत होते. वीस झाली. तीस. रस्त्याचा उतार सुरू झाला. पन्नास.

"अगं कुठे निघालीस! घर कोण बघणार?"

"घर तुमचंच आहे. तुम्ही बघा."

"मला नाही जमत एकटीला!"

"मग तसं म्हणा."

साठ. वन्संच्या कपाळावर घाम, साडीची घडी मोडलेली, अख्खी गल्ली दारात उभी राहून बघतेय, आणि त्यांना त्याचं काही नाही. कोपऱ्यावर आल्यावर त्यांनी काठी आडवी करून गाडीच्या टपावर दणका दिला.

"राहा! राहा गं बाई! झालं?"

"तुम्ही पण," मी म्हटलं. घाईत निघून गेलं तोंडातून.

कोणत्या अधिकारात, ते काही त्यांनी विचारलं नाही.

ड्रायव्हर गाडी बंद करून मागे वळला. "आजी, नक्की येतंय कोण?"

"कोणी नाही," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

त्यानं पट्टा काढला, मला उतरवलं. ट्रंक उतरवताना म्हणाला, ह्यात काहीच नाही का हो? चिरंजीव धावत आले होते, त्यांनी ती घेतली. गाडी गेली. आम्ही कोपऱ्यावर धापा टाकत उभ्या. मी म्हटलं, "ब्याऐंशी पावलं."

वन्संनी पदरानं कपाळ पुसलं. "चौऱ्याऐंशी."

"मी गाडीतून नीट मोजली."

"तू उताराला दोन सोडलीस. मी टाकली आहेत, मला माहीत."

"ब्याऐंशी!"

"परत मोजू," म्हणाल्या, आणि वळल्या.

सूनबाई खुर्ची घेऊन आली होती, ती तशीच हातात धरून मागून चालत होती. वन्सं मोठ्यानं मोजत होत्या, मी मनात. मधे मी मुद्दाम एक आकडा गाळून बघितला, तर चालता चालता काठीनं माझ्या पायावर टोचलं. फाटकाशी चौऱ्याऐंशी भरली.

बाईचं नेहमी बरोबरच निघतं.